माझ्या नवऱ्याच्या फ्लॅटची मालकीण

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा. आज नवऱ्यांबद्दल बोलायचंय, आणि घरात कुणीतरी नवरा असणारच.

(नेहमीसारखं एपिसोडमधलं बोलणं इथे लिहून काढलंय. थोडं साफसूफ केलंय, फार नाही. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' होतात तेवढे उडवले.)

तर, मी मूळचा अवसरी खुर्दचा. मंचरजवळ, आंबेगाव तालुका. गावात २००९ पासून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यामुळे तुमच्यातल्या काहींनी नाव ऐकलं असेल. गंमत म्हणजे सगळ्या महाराष्ट्रातली पोरं शिकायला आमच्या गावात येतात, आणि मी बीटेक करायला बाहेर गेलो. तेव्हा सुट्टीत घरी आलो की रात्री आठला एक गोष्ट ठरलेली असायची. कुकर बंद, गप्पा बंद, आणि झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको'.

आठवतंय ना? २२ ऑगस्ट २०१६ ला सुरू झाली आणि मार्च २०२१ पर्यंत चालली. साडेचार वर्षं! माझी पूर्ण डिग्री आणि पहिली नोकरी त्या मालिकेत बसते. गोष्ट एका ओळीची. गुरुनाथ सुभेदार, म्हणजे अभिजीत खांडकेकर, त्याची बायको राधिका, म्हणजे अनिता दाते, आणि ऑफिसातली शनाया. शनायाचं काम रसिका सुनील करायची, मध्ये काही काळ ईशा केसकर होती. नवऱ्याचं लफडं बायकोला कळतं. आणि मग बायको त्याला सोडून न देता धडा शिकवायचं ठरवते. आजूबाजूच्या बायका तिला सामील. खलबतं, पाळत, फजिती, परत खलबतं.

हॉस्टेलवर आम्ही या मालिकेची यथेच्छ टिंगल करायचो. सगळ्यात जास्त टिंगल कशाची, तर तीनशे कोटींची. राधिका घरगुती मसाले विकायला लागते आणि बघता बघता तिची कंपनी तीनशे कोटींची होते. त्यावर इतके मीम आले की मालिका न बघणाऱ्यांनाही तो आकडा पाठ झाला. आमच्या ग्रुपवर तर कुणी पार्ट-टाइम काम शोधायला लागला की लगेच, 'मसाले कुट, तीनशे कोटी मिळतील.'

एका दिवाळीत मी घरी हेच बोललो. म्हटलं, आजी, मसाल्यात तीनशे कोटी कुठून येणार? आजी शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "आरं, तीनशे कोटी हायेत म्हणून तर त्यो तिच्याम्होरं उभा ऱ्हातोय. तीन हजार आसते तर पयल्याच आठवड्यात मालिका संपली आसती."

तेव्हा मी हसलो. पण नंतर या प्रकारच्या गोष्टी जिथे जिथे बघितल्या, तिथे आजीचा हिशेब लावून बघायची सवयच लागली.

उदाहरणार्थ 'संशयकल्लोळ'. नाटक जुनं आहे म्हणून स्किप करू नका, दोन मिनिटं द्या. गोविंद बल्लाळ देवलांचं. आधी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावानं गद्यात होतं, मग १९१६ मध्ये पदं घालून 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आलं. मुळात मोलिएर नावाच्या फ्रेंच नाटककाराची ही कल्पना, तिच्यावरून आर्थर मर्फीनं इंग्रजीत नाटक लिहिलं, आणि त्यावरून देवलांनी मराठीत. म्हणजे रीमेकचा रीमेक. पण इतकं आपलं करून टाकलं की पात्रांची नावंसुद्धा पंचांगातून काढली : फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या.

यात फाल्गुनराव पैसेवाला, वयस्क आणि संशयी. कृत्तिका त्याची बायको. ती नवऱ्याला एका तरुणीला सावरताना बघते आणि तिला वाटतं, याचं काहीतरी चालू आहे. मग ती त्याच्या मागावर, तो तिच्या मागावर, आणि मध्ये एक तसबीर इकडून तिकडे फिरते. आजच्या भाषेत, चुकीच्या माणसाच्या हातात पडलेला अनलॉक फोन. शेवटी कळतं की कुणाचंच काही नव्हतं. सगळे मोकळे, पडदा.

आता बघा. १९१६ मध्ये बायकोचा संशय हाच विनोद होता. नवरा निर्दोष निघतो, म्हणून आपण निवांत हसू शकतो. बरोबर शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, बायकोचा संशय शंभर टक्के खरा आहे आणि विनोद नवऱ्याच्या धावपळीचा आहे. शंभर वर्षांत आपण एवढं अंतर कापलं. (आणि योगायोग बघा, मालिकेतही एक रेवती आहे. इथे ती बायकोच्या बाजूची.)

अमेरिकेत १९९६ मध्ये 'द फर्स्ट वाइव्ह्ज क्लब' आला. तो मी हॉस्टेलवर, परीक्षेच्या आदल्या रात्री बघितला, का ते विचारू नका. सुरुवातच आत्महत्येनं. नवऱ्यानं टाकलेली एक श्रीमंत बाई जीव देते, तिच्या अंत्यविधीला तीन कॉलेजच्या मैत्रिणी भेटतात, तिघींचेही नवरे तरुण पोरींच्या मागे गेलेले. आणि त्या ठरवतात, आता सोडायचं नाही. पण सूड कशानं? विषानं नाही, सुरीनं नाही. नवऱ्यांच्या धंद्याच्या, पैशाच्या नाड्या आवळून. परत आजीचा हिशेब!

आमच्या भागात खरं तर नवऱ्याच्या भानगडींवर हसायची मोठी परंपरा आहे. मंचरवरून हायवेनं अर्ध्या तासावर नारायणगाव. तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. लहानपणी यात्रेत मी जेवढे वग बघितले, त्यात बाहेरख्याली पाटील असायचा, त्याची फजिती व्हायची, पब्लिक लोळायचं. पाटलीणबाई मात्र त्या वगांत नुसत्या उल्लेखापुरत्या. 'घरी बायको हाय' एवढंच. ती घरी काय करते, यावर वग मी तरी बघितला नाही.

ती घरी काय करते, ते मला एका काकूनं दाखवलं. आजचा एपिसोड खरं तर तिचाच आहे, एवढा वेळ मी इकडेतिकडे करत होतो कारण सांगायला जड जातंय. काकूला विचारून सांगतोय. नाती, आकडे थोडे हलवलेत. गावातले कुणी ऐकत असाल तर अंदाज लावत बसू नका, ती तुमच्या आळीतली नाही.

भावकीतले एक नाना. बायपासला जमीन गेली, पैसे आले. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत असं बऱ्याच घरांत झालंय. पांढरी गाडी, बंगला, काकूच्या अंगावर पाटल्या, गंठण, सगळं. बाहेरून बघितलं तर काकू म्हणजे श्रीमंत घरची बाई. पण घरात पाचशे रुपये लागले तरी तिला मागावे लागायचे, आणि कशाला हवेत ते सांगावं लागायचं.

आणि हेही सांगतो, लपवत नाही. २०१६ मध्ये कांदा मातीमोल गेला, वडिलांकडे माझी फी भरायला पैसे नव्हते, तेव्हा फी नानांनी भरली. परत मागितली नाही. वर कॉलेजच्या गेटपर्यंत गाडीनं सोडायला आले होते.

तर २०२१ च्या शेवटी नानांनी चाकणला फ्लॅट घेतला. 'इन्व्हेस्टमेंट, भाड्यानं देऊ.' आता त्याच वर्षी १ एप्रिलपासून आपल्या राज्यात एक सवलत सुरू झाली होती. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. फ्लॅट होता अठ्ठावीस लाखांचा. एक टक्का म्हणजे अठ्ठावीस हजार. नानांनी हिशेब केला आणि काकूला रजिस्ट्रार ऑफिसात नेऊन बसवलं. फोटो काढला, अंगठे घेतले, येताना मिसळ खायला घातली. काकू म्हणते, "मला वाटलं आधारचं काम आसंल."

बिल्डरला मोबाइल नंबर कुणाचा दिला? काकूचा. कारण सोसायटीच्या मेंटेनन्सवाल्यांचे फोन नानांना नको होते. तेव्हाच्या नियमात असंही होतं की सवलत घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही (ही अट पुढे २०२३ मध्ये काढली). म्हणजे नानांनी अठ्ठावीस हजार वाचवून स्वतःलाच दाराबाहेर ठेवलं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. आम्ही कोड लिहिताना असं करतो कधीकधी. शुक्रवारी संध्याकाळी घाईत एक ओळ टाकायची, आणि दोन वर्षांनी ती पूर्ण सिस्टीम पाडते.

ती ओळ फुटली २०२३ च्या गणपतीत. सोसायटीनं ओनर्सचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि नंबर होता म्हणून काकूलाही घेतलं. काकू कधी कुठल्या ग्रुपवर काही बघत नाही, पण गणपतीचा फोटो दिसला म्हणून उघडला. आरतीचा फोटो. ताट धरलेली एक बाई, तिच्या शेजारी टाळ्या वाजवणारे नाना. खाली सेक्रेटरीनं लिहिलेलं, 'आजच्या आरतीचा मान ३०४ च्या जोडप्याला.'

मला फोन आला. "बाळा, फोटो मोठा कसा करायचा रं?" मी सांगितलं, दोन बोटांनी. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "केला."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तो फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते बघता येतं का. येतं. नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू शोधता येतो. मी लॅपटॉप उघडला आणि खरं सांगतो, पंधरा मिनिटं नुसता बसून राहिलो. समोर कॅप्चा होता. डोक्यात ते कॉलेजचं गेट. नानांना आधी फोन करावा का, असंही एकदा मनात आलं. मग विचार केला, काकूनं मागितलंय काय? तिच्याच नावावर असलेल्या घराचा कागद. कॅप्चा तीनदा चुकला. चौथ्यांदा काकूचं नाव आलं, आडनावासकट, आणि मी ते पाठवून दिलं.

पुढचं काकूच्या तोंडून ऐकलेलं. बचतगटातल्या दोघींना घेऊन ती चाकणला गेली. घरी सांगितलं, देहूला चाललोय. दार त्या बाईनंच उघडलं. काकूनं सांगितलं, फ्लॅटची मालकीण आहे, बघायला आलेय. तर ती बाई चक्रावली. म्हणाली, "असं कसं? फ्लॅट त्यांच्या बायकोच्या नावावर होता ना, आणि त्या तर वारल्या. करोनात, दुसऱ्या लाटेत."

काकू आत जाऊन बसली. चहा मागितला. आणि स्वतःच्या मरणाची सगळी हकिकत ऐकून घेतली. ऑक्सिजन कसा मिळाला नाही, शेवटचं तोंडही कसं बघता आलं नाही, नाना कसे महिनाभर जेवले नाहीत. "महिनाभर जेवले न्हाईत" इथे बचतगटातल्या एकीला हसू आवरेना, ती ठसका लागल्याचं सोंग करून बाल्कनीत गेली. काकू म्हणते, "मला हसायला बी येत नव्हतं आन रडायला बी. इतकं चांगलं माझ्याबद्दल त्यो जित्तेपनी कधी बोलला नाय."

मग तिनं फोन काढला आणि महिनाभरापूर्वीच्या सत्यनारायणाचा जोडीनं काढलेला फोटो दाखवला. ती बाई कंपनीत लाइनवर काम करणारी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. तिला खरंच माहीत नव्हतं. काकू तिला एक शब्द वाईट बोलली नाही. मी विचारलं, राग नाही आला? म्हणाली, "तिला काय बोलनार? ती बिचारी मयताला च्या पाजत होती."

आता कायद्याचं पटकन सांगतो, कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच की पोलिसात का नाही गेली. व्यभिचाराचं कलम ४९७ होतं, १८६० पासूनचं. पण त्यात तक्रार करायचा हक्क कुणाला? त्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला. स्वतःच्या बायकोला नाहीच! २७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ते कलमच रद्द केलं. तेव्हा टीव्हीवर राधिकाचं कारस्थान तिसऱ्या वर्षात पोचलं होतं, म्हणजे तिलाही त्या कलमाचा काडीचा उपयोग नव्हता. दुसरं लग्न केलं असतं तर गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण नानांनी लग्न केलं नव्हतं. नुसती बायको मारली होती, तीही तोंडी. घटस्फोटाला हे कारण चालतं, पण काकूला घटस्फोट नको होता. मग हवं काय होतं, ते तिनं गणपतीनंतरच्या पंधरवड्यात सांगितलं.

पितृपंधरवड्यात अविधवा नवमी येते. शहरातल्यांसाठी सांगतो. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं पित्र त्या दिवशी घालतात, सवाष्ण जेवू घालतात. तर त्या दिवशी काकूनं सगळा स्वयंपाक केला. खीर, वडे, कढी, गवार, भोपळा, अळूच्या वड्या. बचतगटातल्या दोघी जेवायला. भिंतीवर फोटो, हार घातलेला. फोटो आधार कार्डावरचा, मंचरच्या स्टुडिओत मोठा करून आणलेला. म्हणजे तुम्हीच विचार करा, कसा दिसत असेल. आधारच्या फोटोत जिवंत माणूसही गेलेलाच दिसतो.

नाना दुपारी घरी आले. फोटो बघितला. "ह्ये काय?"

"पित्र हाय."

"कुनाचं?"

"माझं. दुसऱ्या लाटेत गेले ना मी. दोन वरसं राह्यलंच व्हतं."

बचतगटातली बाई सांगते, नाना उंबऱ्यातच खाली बसले. काकूनं पान वाढलं, घास पत्र्यावर ठेवून आली. सगळे बसलेत, कुणी बोलत नाही. कावळा काही येईना. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. (आमच्याकडे बिबटे झाले उदंड, कावळे कमी झालेत, ते असो.) शेवटी नानाच म्हणाले, जरा घाबरूनच म्हणाले, "शिवंना."

काकू म्हणाली, "इच्छा राह्यली आसंल."

"काय?"

"सातबारा."

त्या रात्री मला नानांचा फोन आला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "कागद तू काढून दिलास ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बरं." आणि ठेवला.

सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची आपल्याकडे जुनी सोय आहे. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती' म्हणून मोहीम चालवली होती. शेतकऱ्यानं स्वखुशीनं बायकोच्या नावावर जमीन करायची. गावंच्या गावं त्यात उतरली. पुढे १९९२ मध्ये सरकारनंही त्यावर आदेश काढला, की नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागेल. स्वखुशीनं, हं! नानांची स्वखुशी तयार व्हायला पाच महिने गेले. मध्ये दोनदा 'आधी फोटो काढ' यावरून अडलं. काकूनं फोटो काढला नाही. येणारे-जाणारे विचारायचे, नाना काहीतरी सांगायचे. शेवटी अर्ज झाला, तलाठ्याकडे हेलपाटे झाले, फेरफार झाला. त्या दिवशी काकूनं मला पंधरा रुपये पाठवले. डिजिटल सहीचा सातबारा डाउनलोड करायची फी. म्हणाली, फुकट नको.

फोटो त्या संध्याकाळी खाली आला. हार तसाच ठेवलाय, प्लास्टिकचा होता.

मी तिला एकदा विचारलं, काकू, हे सगळं करून राहिलीस त्यांच्याच घरात. सोडायचं होतंस. मला राधिकाबद्दलही हाच प्रश्न होता, साडेचार वर्षं त्या माणसाला कसला धडा शिकवायचा? काकूनं माझ्याकडे असं बघितलं, की याला पगार कोण देतं. "आरं, तीस वरसं शेन काढलं मी हितं. मी कुठं जाऊ? जायचं त्यानं जावं."

नाना गेले नाहीत. ते माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे दिवाळीला 'कधी आलास' एवढं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पेपर वर करतात. मी फीचे पैसे परत करायला गेलो होतो. घेतले नाहीत. ते मला अजून टोचतंय, आणि परत वेळ आली तरी मी तो कागद काढून देईन, हेही तितकंच खरं आहे.

ती चाकणची बाई अजून त्याच फ्लॅटमध्ये राहते. काकूनं तिच्याशी अकरा महिन्यांचा भाडेकरार केला. रीतसर, रजिस्टर, पोलीस व्हेरिफिकेशनसकट. साडेसात हजार भाडं, डिपॉझिट घेतलं नाही. यंदा करार रिन्यू करताना काकूनं मला विचारलं, भाडं किती वाढवावं. मी म्हटलं, पाच टक्के चालतात. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "नको. दर म्हयन्याला पाच तारखेला सकाळी सातच्या आत पैशे टाकती. एवढ्या टायमावर तर ह्या घरात कुनी च्या बी देत नाय मला."

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरातल्या इंडेक्स टूवर कुणाचं नाव आहे, ते बघून कमेंटमध्ये लिहू नका, फक्त बघून ठेवा. भेटू पुढच्या रविवारी.